पंगत आणि क्रीडांगण : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या उत्सवाचा इतिहास

१

अमेरिकेत 'फुटबॉल' या नावाने ओळखला जाणारा खेळ भारतातील वाचकास परिचित असलेल्या फुटबॉलहून निराळा आहे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन धावणे, तो पुढे फेकणे आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूस अंगाने अडवून पाडणे ही त्याची प्रमुख अंगे होत. इंग्लंडमधील रग्बीपासून हा खेळ निघाला आणि अमेरिकन महाविद्यालयांत त्यास स्वतंत्र रूप प्राप्त झाले. व्यावसायिक संघांची राष्ट्रीय संघटना १९२० साली स्थापन झाली, तेव्हा महाविद्यालयीन खेळास अर्धशतक लोटले होते. आजही शरद ऋतूतील शनिवारी मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात लाखावर प्रेक्षक जमतात. १९२७ साली उघडलेल्या या क्रीडांगणाची अधिकृत आसनसंख्या १,०७,६०१ आहे. एखाद्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या खेळाभोवती इतका मोठा लोकसमुदाय नियमाने जमावा, ही गोष्ट इतर देशांत क्वचितच आढळते.

या समुदायाकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. त्यातील बहुसंख्य लोक खेळ सुरू होण्याच्या कितीतरी तास आधी येतात, चुली पेटवितात, तंबू उभारतात आणि जेवतात. मोठे सामने ठरतात तेही सणासुदीच्या सुमारास. खेळ, सण आणि भोजन ही तिन्ही इतकी एकजीव झालेली आहेत की, त्यांपैकी एकाचा इतिहास इतर दोहोंस वगळून सांगता येणे कठीण. सण व भोजन हे खेळाला मागाहून चढविलेले अलंकार नसून त्यांच्याच आश्रयाने हा खेळ वाढला, हे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे. त्याचबरोबर, जेथे पंगत आली तेथे तीत कोणास बसवावयाचे आणि कोणास उठवावयाचे हा प्रश्नही आला. मराठीत यास पंक्तिप्रपंच म्हणतात. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील बहुतेक मोठे वाद तपासले असता त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न दिसून येतो.

पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत झाला. प्रत्येक बाजूस पंचवीस खेळाडू होते, प्रेक्षक सुमारे शंभर होते, आणि रटगर्सने ६–४ असा विजय मिळविला. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र जेवले, अशी नोंद रटगर्सच्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्याच महिन्यात आली आहे. म्हणजे या खेळाच्या इतिहासातील पहिली पंगत खेळाडूंचीच होती. पुढील दीडशे वर्षांत तिचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

नोव्हेंबर महिन्यातील चौथ्या गुरुवारी अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे कृतज्ञतादिन साजरा होतो. प्लिमथ येथील इंग्रज वसाहतवाल्यांनी १६२१ साली सुगीनंतर वांपनोग या मूळ रहिवाशांसह केलेल्या भोजनाशी त्याचे नाते जोडले जाते. तथापि राष्ट्रीय सण म्हणून त्याची परंपरा खरी रुजली ती यादवी युद्धाच्या काळात. सारा जोसेफा हेल या संपादिकेने अनेक वर्षे चालविलेल्या मागणीस अनुसरून अध्यक्ष लिंकन यांनी १८६३ साली नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी हा दिवस पाळण्याची घोषणा केली. सकाळी प्रार्थना, दुपारी कुटुंबासह टर्की पक्ष्याचे भोजन, असा त्याचा क्रम असे. या दोहोंच्या मध्ये किंवा मागाहून जो रिकामा वेळ उरे, तोच फुटबॉलने व्यापला.

१८७६ साली स्प्रिंगफील्ड येथे पूर्वेकडील महाविद्यालयांची बैठक होऊन रग्बीच्या धर्तीवर समान नियम ठरले आणि एक संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी कृतज्ञतादिनी येल आणि प्रिन्स्टन यांचा सामना होबोकन येथे खेळविण्यात आला. १८८० नंतर हा वार्षिक सामना न्यूयॉर्क शहरात होऊ लागला आणि थोड्याच वर्षांत त्यास शहरातील एका मोठ्या सामाजिक समारंभाचे रूप आले. १८९३ सालच्या सामन्यास चाळीस हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. त्या दिवशी धनिक कुटुंबे चार घोड्यांच्या उंच गाड्यांतून, येलची निळी किंवा प्रिन्स्टनची नारिंगी-काळी निशाणे लावून, फिफ्थ अव्हेन्यूवरून मिरवत मॅनहॅटन फील्डकडे जात. गाडी मैदानाच्या कडेस उभी केली की तिच्याच माथ्यावर बसून बरोबर आणलेले थंड जेवण व्हावयाचे. रिचर्ड हार्डिंग डेव्हिस या लेखकाने त्याच वर्षी या मिरवणुकीचे आणि भोजनाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आहे. मोटारीच्या मागील फळीवर जेवण मांडण्याच्या ज्या प्रथेचा पुढे विचार करावयाचा आहे, तिचे मूळ या घोडागाड्यांच्या माथ्यावर शोधणे अधिक सयुक्तिक होय.

धर्मोपदेशक आणि प्राध्यापक यांना हा प्रकार रुचला नाही. ज्या दिवशी ईश्वराचे आभार मानावयाचे, त्या दिवशी मंदिरे ओस पडतात आणि नाट्यगृहांत व पानगृहांत विद्यार्थ्यांचा धुडगूस चालतो, अशी तक्रार वृत्तपत्रांतून वारंवार होऊ लागली. महाविद्यालयांच्या चालकांनी अखेर १८९० च्या दशकाच्या मध्यास हा सामना न्यूयॉर्कमधून हलविला. परंतु तोवर प्रथा देशभर पसरली होती. लहानमोठ्या गावांतील शाळा आणि महाविद्यालये त्या दिवशी आपापल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळू लागली होती. न्यूयॉर्कची मिरवणूक थांबली. सणाशी जुळलेले नाते मात्र तुटले नाही.

याच सणाशी निगडित अशी एक घटना विशेष नोंदण्याजोगी आहे. पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ साली मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी एक निवासी शाळा काढण्यात आली होती. मुलांचे केस कापावयाचे, त्यांची भाषा बंद करावयाची आणि त्यांस गोऱ्यांच्या रीतिभातीत वाढवावयाचे, हे तिचे धोरण होते. या शाळेचा फुटबॉल संघ देशातील अग्रगण्य संघांत गणला जाई. जिम थॉर्प हा विख्यात खेळाडू या संघाकडून अखेरचा सामना खेळला तो १९१२ च्या कृतज्ञतादिनी, प्रॉव्हिडन्स येथे ब्राउन विद्यापीठाविरुद्ध; आणि कार्लाइलने तो ३२–० असा जिंकला. इंग्रज वसाहतवाल्यांच्या सुगीच्या स्मृतिदिनी, त्यांच्याच प्रदेशात, ज्यांची भूमी गेली त्यांची मुले प्रेक्षकांचे मनोरंजन करीत होती. पुढे १९७० पासून वांपनोग समाजातील लोक प्लिमथ येथे हाच दिवस शोकदिन म्हणून पाळीत आले आहेत. एकाच दिवसाच्या या दोन बाजू होत.

३

खेळ लोकप्रिय झाला तसा तो घातकही ठरू लागला. १९०५ सालच्या हंगामात देशभरात सुमारे अठरा खेळाडू मृत्यू पावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ निर्मळ करण्याचा आग्रह धरला. १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास मान्यता मिळाली आणि महाविद्यालयांची एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९१० पासून ती 'एन. सी. ए. ए.' या नावाने ओळखली जाते. खेळ बंद करण्याची मागणी त्या वेळी अनेकांनी केली होती. ती मान्य झाली नाही, याचे एक कारण असे की, माजी विद्यार्थ्यांना महाविद्यालयाशी बांधून ठेवणारा दुसरा इतका बळकट धागा चालकांपाशी नव्हता. १९११ साली मिसुरी विद्यापीठाने कॅन्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी माजी विद्यार्थ्यांना 'घरी या' असे आवाहन केले. या 'होमकमिंग' समारंभाच्या आद्यत्वाचा मान इतर काही विद्यापीठेही सांगतात. प्रथा मात्र सर्वत्र रूढ झाली. माजी विद्यार्थी यावयाचे म्हणजे त्यांच्या मेजवान्या आल्या, आणि त्यांच्या देणग्याही.

सण आणि खेळ किती घट्ट बांधले गेले होते याचा प्रत्यय १९३९ साली आला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच गुरुवार होते. नाताळच्या खरेदीस अधिक दिवस मिळावेत या व्यापाऱ्यांच्या इच्छेनुसार अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कृतज्ञतादिन एक आठवडा अलीकडे, म्हणजे २३ नोव्हेंबरला आणला. विरोध करणाऱ्यांत महाविद्यालयांचे फुटबॉल-शिक्षक आघाडीवर होते. सामन्यांच्या तारखा फार आधी ठरलेल्या असत, आणि सणाची सुटी नसेल तर प्रेक्षक कोठून आणावयाचे, असा त्यांचा सवाल होता. राज्याराज्यांत फूट पडली. काहींनी नवा दिवस पाळला, काहींनी जुना, तर टेक्सासने दोन्ही पाळले. अखेर १९४१ साली काँग्रेसने चौथा गुरुवार कायम केला. राष्ट्रीय सणाची तिथी ठरविताना धर्मगुरू, व्यापारी आणि फुटबॉल-शिक्षक असे तीन पक्ष पुढे यावेत, ही गोष्ट बरीच बोलकी आहे.

४

नववर्षदिनाचा इतिहास याहून निराळा आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील एका क्लबाने १ जानेवारी १८९० रोजी फुलांनी सजविलेल्या गाड्यांची मिरवणूक काढली. पूर्वेकडील राज्ये बर्फाखाली असताना येथे गुलाब फुलतात आणि संत्री पिकतात, हे जगास दाखवावे असा तिचा हेतू होता. १९०२ साली या उत्सवास फुटबॉल सामन्याची जोड देण्यात आली. मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९–० असा पराभव केला, आणि स्टॅनफर्डच्या विनंतीवरून सामना वेळेपूर्वीच थांबवावा लागला. पुढील काही वर्षे रथांच्या शर्यतींसारखे प्रयोग झाले. १९१६ साली फुटबॉल परतला तो कायमचा. जानेवारीची पहिली तारीख रविवारी आली तर मिरवणूक सोमवारी काढावयाची, हा १८९३ पासूनचा संकेत अद्याप पाळला जातो. उपासनेस जमलेल्यांच्या बाहेर बांधलेल्या घोड्यांनी बुजू नये, असे त्याचे कारण सांगतात.

पॅसाडीनाचे क्रीडांगण १९२२ साली बांधले गेले. येल विद्यापीठाचे १९१४ सालचे क्रीडांगण वाडग्याच्या आकाराचे असल्यामुळे त्यास 'येल बोल' म्हणत. त्यावरून येथे 'रोझ बोल' हे नाव पडले, आणि क्रीडांगणाचे नाव सामन्यासही लागले. आर्थिक मंदीच्या काळात दक्षिणेकडील शहरांनी हा कित्ता गिरविला. हिवाळी प्रवाशांना आकर्षित करावे म्हणून मायामीने 'ऑरेंज बोल' आणि न्यू ऑर्लिन्सने 'शुगर बोल' १९३५ च्या नववर्षदिनी सुरू केले. डॅलसचा 'कॉटन बोल' १९३७ साली आला. अटलांटाचा 'पीच बोल' पुष्कळ उशिरा, १९६८ साली निघाला.

ही नावे ध्यानात घेण्यासारखी आहेत. संत्रे, साखर, कापूस आणि पीच ही त्या त्या प्रदेशाची पिके होत. प्रत्येक शहराने आपल्या भूमीचे उत्पन्न जणू वाडग्यात घालून पाहुण्यांपुढे ठेवले. पण साखर आणि कापूस या पिकांच्या पाठीशी गुलामगिरीचा इतिहास आहे. न्यू ऑर्लिन्समधील ज्या क्रीडांगणावर शुगर बोल होत असे, ती भूमी एके काळी उसाच्या मळ्याचा भाग होती. ज्यांच्या घामाने ही पिके वाढली त्यांच्या वंशजांना या सामन्यांत खेळण्यास दीर्घकाळ बंदी होती. वाडगा भरणारा एक आणि त्यातले खाणारा दुसरा, अशी ही स्थिती होती.

५

आता मैदानाबाहेरील भोजनाकडे वळावयाचे. सामानाच्या गाडीच्या मागे जी खाली पडणारी फळी असते तिला 'टेलगेट' म्हणतात. ती उघडून तिच्यावर जेवण मांडणे म्हणजे 'टेलगेटिंग'. काही लेखक या प्रथेचा उगम १८६१ सालच्या बुल रनच्या लढाईशी जोडतात. वॉशिंग्टनमधील काही मंडळी ती लढाई पाहावयास जेवणाच्या टोपल्या घेऊन गेली होती हे खरे आहे. परंतु लढाई पाहणे आणि सामना पाहणे यांत साम्य असले तरी परंपरेचा अखंड धागा दाखविता येत नाही. प्रथेस आजचे स्वरूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. घरोघरी मोटारी आल्या. त्यांत मागील फळी असलेली 'स्टेशन वॅगन' ही गाडी मध्यमवर्गाची आवडती ठरली. १९५२ साली झाकण असलेली गोल कोळशाची शेगडी बाजारात आली. आणि १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्ग बांधण्याचे काम सुरू झाले. दोनशे मैलांवरून सकाळी निघून दुपारचा सामना पाहावयाचा, तर वाटेत नाही तरी पोचल्यावर जेवावे लागणारच. विद्यापीठांची गावे लहान. लाखभर पाहुण्यांना पुरतील इतकी उपाहारगृहे तेथे कोठून असणार? गरजेतून रीत निघाली आणि रीतीची परंपरा झाली.

या परंपरेत प्रादेशिक वैचित्र्य पुष्कळ आहे. लुईझियाना राज्य विद्यापीठाच्या आवारात मोठ्या काहिलींतून 'जांबालाया' हा मांस-मासळी घातलेला मसालेदार भात आणि 'गंबो' नावाचा दाट रस्सा शिजतो. फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकी पाकपरंपरांचा संगम त्या एका काहिलीत दिसतो. विस्कॉन्सिनमध्ये जर्मन वसाहतवाल्यांनी आणलेले 'ब्राटवुर्स्ट' हे मांसाचे सॉसेज निखाऱ्यावर भाजतात. नेब्रास्कात कोबी आणि खिमा भरलेला 'रन्झा' हा पाव लोकप्रिय आहे; रशियातील व्होल्गा नदीकाठी राहिलेल्या जर्मन शेतकऱ्यांबरोबर तो तेथे आला. टेक्सासमध्ये गोमांस, तर कॅरोलायना राज्यांत डुकराचे मांस तासन्‌तास मंद धुरावर शिजवितात. टेनेसी विद्यापीठाचे क्रीडांगण नदीकाठी असल्यामुळे तेथे १९६२ पासून लोक नावांतून येतात आणि नावांतच जेवतात. शहरी अमेरिकेत जे खाद्यप्रकार विस्मरणात जाऊ लागले होते, त्यांपैकी कित्येकांना या शनिवारच्या चुलींनी आधार दिला आहे.

सर्वांत विख्यात स्थान म्हणजे मिसिसिपी विद्यापीठातील 'ग्रोव्ह' हे ओक वृक्षांचे सुमारे दहा एकरांचे उपवन होय. पावसाने जमिनीचा चिखल झाल्यावर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे मोटारींना बंदी करण्यात आली. तेव्हापासून निळ्या-तांबड्या तंबूंची दाटी होते, आणि काही तंबूंत चांदीची पात्रे व झुंबरेही असतात. त्या तंबूंत पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखी असतात, सोयरिकी जुळतात आणि परक्या माणसासही आग्रहाने वाढले जाते. दक्षिणेकडील आतिथ्याचे हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, हे पुढे दिसेल.

६

चाहत्यांची चुरस, खाद्य आणि वर्णभेद ही तिन्ही एकाच प्रसंगात एकवटलेली पाहावयाची असतील, तर १९३५ सालची एक हकीकत उपयोगी आहे. आदल्या वर्षी मिनेसोटा आणि आयोवा यांच्या सामन्यात ओझी सिमन्स या आयोवाच्या कृष्णवर्णीय खेळाडूस प्रतिपक्षाने इतक्या आडदांडपणे पाडले की, त्यास अनेकदा मैदान सोडावे लागले. आयोवाचे लोक चिडले. पुढील वर्षीच्या सामन्यापूर्वी आयोवाचे राज्यपाल क्लाइड हेरिंग यांनी, पंचांनी असा प्रकार चालू दिला तर प्रेक्षक तो चालू देणार नाहीत, अशा अर्थाचे उद्गार काढले. वातावरण तापले. ते निवळावे म्हणून मिनेसोटाचे राज्यपाल फ्लॉइड ओल्सन यांनी तारेने एक पैज सुचविली : जो हरेल त्याने दुसऱ्यास एक उत्तम डुक्कर द्यावे. दोन्ही राज्ये वराहपालनाची. लोकांना कल्पना आवडली. मिनेसोटाने १३–६ असा विजय मिळविला आणि हेरिंग यांनी जिवंत डुक्कर स्वतः नेऊन ओल्सन यांच्या कचेरीत पोचते केले. ओल्सन यांच्या नावावरून आणि ज्या गोठ्यातून ते आले त्याच्या नावावरून त्यास 'फ्लॉइड ऑफ रोझडेल' म्हणू लागले. पुढील वर्षी ते रोगाने मेले. त्याची ब्राँझची मूर्ती करण्यात आली असून या दोन विद्यापीठांच्या सामन्यातील विजेत्यास ती आजही मिळते.

ही गोष्ट दोन्ही राज्यांत हसतखेळत सांगितली जाते. परंतु सांगताना डुकराचे नाव राहिले आणि सिमन्सचे नाव बहुधा गळाले. तो पुढे शिकागोच्या शाळांत दीर्घकाळ शिक्षक होता. पैजेने दंगल टाळली, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. पण तक्रार काय होती तेच लोक विसरले. सणाच्या आनंदात अन्यायाची आठवण अशी सहज बुजून जाते.

७

दक्षिणेकडील राज्यांत पंक्तिभेद कायद्यानेच केलेला होता. तेथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनी म्हणून आपले स्वतंत्र उत्सव उभारले. त्यांचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना नाताळच्या आठवड्यात, २७ डिसेंबर १८९२ रोजी, नॉर्थ कॅरोलायनातील सॉल्सबरी येथे बिडल आणि लिव्हिंग्स्टन यांच्यात बर्फ पडत असताना झाला. १९२४ पासून माँटगोमेरी येथे टस्कीगी आणि अलाबामा स्टेट यांचा कृतज्ञतादिनाचा सामना सुरू झाला. न्यू ऑर्लिन्समध्ये ग्रॅम्ब्लिंग आणि सदर्न या विद्यापीठांचा 'बायू क्लासिक' १९७४ पासून त्याच सणाच्या आठवड्यात होतो. या उत्सवांत वाद्यवृंदाचे महत्त्व खेळाइतकेच असते, आणि मध्यंतरात उठून जाण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. मात्र त्या संघांना परगावी जावयाचे तर रस्त्यावरील उपाहारगृहे बंद असत. जेवण घरून बांधून घ्यावे लागे आणि ते बसमध्येच खावे लागे. एकीकडे हौसेने मोटारीच्या फळीवर जेवण मांडणारे लोक होते, आणि दुसरीकडे दार लावून घेतल्यामुळे गाडीत जेवणारे. बाह्यतः दृश्य एकच; अर्थ मात्र सर्वस्वी भिन्न.

उत्तरेकडील संघांत कृष्णवर्णीय खेळाडू येऊ लागल्यावर संघर्ष अटळ झाला. १९४८ च्या कॉटन बोलसाठी पेन्सिल्व्हेनिया स्टेटचा संघ डॅलसला आला, तेव्हा संघातील दोन कृष्णवर्णीय खेळाडूंमुळे त्याची सोय शहरातील हॉटेलऐवजी नौदलाच्या विमानतळावर करावी लागली. १९५५ च्या अखेरीस जॉर्जियाचे राज्यपाल मार्विन ग्रिफिन यांनी, प्रतिपक्ष पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रिअर हा कृष्णवर्णीय खेळाडू आहे म्हणून, जॉर्जिया टेकने शुगर बोल खेळू नये अशी मागणी केली. यावर जॉर्जिया टेकच्या गोऱ्या विद्यार्थ्यांनीच निदर्शने करून राज्यपालांचा पुतळा जाळला. समतेपेक्षा सामन्याचे प्रेम त्यामागे अधिक असेल. परिणाम मात्र समतेस अनुकूल झाला. २ जानेवारी १९५६ रोजी सामना झाला आणि ग्रिअर खेळला. त्याच वर्षी लुईझियानाने मिश्र वर्णांच्या सामन्यांवर बंदी घालणारा कायदा केला. तो १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे टिकला नाही.

पंक्तिप्रपंचाचे सर्वांत उघड उदाहरण १९६० च्या कॉटन बोलचे आहे. सिरॅक्यूजने टेक्सासचा २३–१४ असा पराभव केला आणि एर्नी डेव्हिस हा कृष्णवर्णीय खेळाडू सर्वोत्कृष्ट ठरला. सामन्यानंतरच्या मेजवानीत त्याने पारितोषिक स्वीकारावे व मग कृष्णवर्णीय सहकाऱ्यांसह निघून जावे, असे सांगण्यात आल्याचे त्याच्या संघातील खेळाडूंनी पुढे नमूद केले आहे. पुढील वर्षी, १९६१ साली, देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूस मिळणारे हाइसमन पारितोषिक मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला; आणि १९६३ साली रक्ताच्या कर्करोगाने तो वारला. ज्याच्या पराक्रमाप्रीत्यर्थ पंगत मांडली, त्यासच पानावरून उठविण्याचा हा प्रकार होता.

वर वर्णिलेल्या मिसिसिपीच्या उपवनासही अशीच एक बाजू आहे. २९ सप्टेंबर १९६२ रोजी जॅक्सन येथील सामन्याच्या मध्यंतरात राज्यपाल रॉस बार्नेट यांनी मैदानावर येऊन राज्याच्या चालीरीतींचा गौरव केला, आणि हजारो प्रेक्षकांनी दक्षिणी संघराज्याचे ध्वज फडकाविले. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशास तो विरोध होता. दुसऱ्या रात्री ग्रोव्हलगतच्या विद्यापीठ-आवारात दंगल उसळून दोघे ठार झाले. मेरेडिथला प्रवेश मिळाला. त्या वर्षी फुटबॉल संघ अपराजित राहिला, हेही तितकेच खरे. क्रीडांगणातील ते ध्वज थांबण्यास १९९७ साल उजाडावे लागले, आणि तेही काठ्या आत आणण्यास बंदी घालून. दरम्यान १२ सप्टेंबर १९७० रोजी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने बर्मिंगहॅम येथे अलाबामाचा ४२–२१ असा पराभव केला. त्यातील सॅम कनिंगहॅमच्या खेळाचा दाखला वर्णभेद संपविणारी घटना म्हणून दिला जातो. वस्तुतः अलाबामाने कृष्णवर्णीय खेळाडूस त्यापूर्वीच घेतले होते. भिंत पडली ती न्यायालये, कायदे आणि चळवळी यांनी. पराभवाने पडझडीस वेग आला, इतकेच.

८

वर्णाचा पंक्तिभेद ओसरला तरी दुसरा एक भेद उरला : खेळणारा आणि खेळावर पोसला जाणारा यांच्यातील. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने शंभराहून अधिक संस्थांची पाहणी करून, खेळाडूंना गुपचूप आर्थिक साह्य देण्याची प्रथा किती पसरली आहे ते उघड केले. १९५६ साली संघटनेने खेळाडूंना उघडपणे शिक्षण, निवास, भोजन आणि पुस्तके देण्यास मान्यता दिली. मात्र वेतन नाही. याच काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ करण्यात आला. खेळताना मृत्यू पावलेल्या खेळाडूच्या कुटुंबास कामगार म्हणून भरपाई द्यावी लागू नये हा त्यामागील एक हेतू होता, हे संघटनेचे दीर्घकालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर लिहिले.

१९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील संघटनेची मक्तेदारी रद्द केली आणि पैशाचा ओघ वाढला. अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल-शिक्षक असतो. खेळाडूंच्या ताटाचे मात्र बारकाईने मोजमाप चाले. फळे, सुकामेवा आणि 'बेगल' हा कडबोळ्याच्या आकाराचा पाव अल्पोपाहार म्हणून देता येई. परंतु त्या पावास काही लावले की त्याचे भोजन होई, आणि भोजनाची संख्या ठरलेली असे. ही तरतूद २०१३ पर्यंत होती. मैदानाबाहेर हजारो शेगड्यांवर मांस भाजले जात असताना आत नियमपुस्तक खेळाडूच्या पावावरील लोण्याचा विचार करीत होते. एप्रिल २०१४ मध्ये कनेक्टिकटच्या राष्ट्रीय विजेत्या बास्केटबॉल संघातील शबाझ नेपियर याने, आपण काही रात्री उपाशी झोपतो, असे वार्ताहरांस सांगितले. त्याच महिन्यात भोजनावरील मर्यादा उठली. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाशी निगडित लाभांवर संघटनेने घातलेल्या मर्यादा एकमताने बेकायदा ठरविल्या. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिरातींपासून उत्पन्न मिळविता येऊ लागले. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्याने विद्यापीठांना त्यांस थेट पैसे देण्याची वाटही मोकळी झाली.

२०२० सालच्या साथीत या सर्व व्यवस्थेची अनायासे परीक्षा झाली. अनेक विद्यापीठांनी आवारातील चुली आणि तंबू बंद केले. प्रेक्षागारे रिकामी किंवा अर्धी रिकामी राहिली, तरी सामने झाले. उत्सव नसला तरी दूरचित्रवाणीवरील उत्पन्नासाठी खेळ चालू राहू शकतो, हे त्यावरून दिसले. आणि दुसऱ्याच वर्षी लोक पूर्वीच्याच उत्साहाने तंबू घेऊन परतले, यावरून त्यांना नुसता खेळ पुरेसा नव्हता हेही दिसले.

९

नववर्षाच्या आगेमागे होणाऱ्या सामन्यांची नावे आता बदलली आहेत. पिकांच्या जागी कारखान्यांतील पदार्थ आले. शार्लट येथील सामन्यास २०२० पासून 'ड्यूक्स' या मेयोनेझचे नाव असून २०२१ च्या डिसेंबरात विजेत्या संघाच्या शिक्षकाच्या डोक्यावर मेयोनेझचे भांडे ओतण्यात आले. ऑर्लँडो येथे २८ डिसेंबर २०२३ रोजी 'पॉप-टार्ट्स' या गोड पदार्थाच्या नावाने सामना झाला. तेथे त्या पदार्थाच्या रूपातील शुभंकर भट्टीत उतरला आणि त्याची मोठी खाद्य प्रतिकृती कॅन्सस स्टेटच्या विजयी खेळाडूंनी खाल्ली. गंभीर मंडळींनी यास पोरखेळ म्हटले. तथापि खेळ संपल्यावर खेळाडूंनी मैदानातच एकत्र खाणे, ही गोष्ट १८६९ च्या त्या पहिल्या भोजनास फारशी परकी नाही. फरक इतकाच की, तेव्हाचे जेवण दोन्ही संघांचे होते आणि त्यावर कोणाचे नाव नव्हते.

महाविद्यालयीन फुटबॉलचा उत्सव हा अमेरिकन समाजाने स्वतःसाठी घडविलेला सण होय. त्याने दूर गेलेल्या माणसांना वर्षातून एकदा एकत्र आणले, प्रादेशिक पाककृती जिवंत ठेवल्या आणि लहान गावांस अभिमानाचे स्थान दिले. त्याच सणाने एका खेळाडूस पारितोषिक देऊन दार दाखविले, आणि दुसऱ्याच्या पावावरील लोणी मोजले. यांपैकी एकच बाजू सांगणारा इतिहास अपुरा ठरेल. चुली कशा पेटल्या हे सांगताना त्यांच्या उजेडात कोण बसले होते आणि कोण बाहेर उभे होते, याची नोंद ठेवणे हे इतिहासकाराचे काम आहे.